यादीच्या शेवटच्या पानावरचे मुके जीव

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आदेश दिला आणि देशभर वादाचे मोहोळ उठले. कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवायचे, की निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडायचे, याभोवतीच तो वाद फिरत राहिला. त्या आदेशात आणखीही एक तरतूद आहे. इच्छुक नागरिकांना महापालिकेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेता येईल. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची राहील. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री निवाऱ्यात हलवून तेथे परत न सोडण्यास सांगितले. म्हणजे निवाऱ्यातील गर्दी वाढणार आणि दत्तकविधान हाच तिला उतार ठरणार.

पण दत्तक जाणार कोण? महापालिकांनी उद्या अशी यादी संकेतस्थळावर टाकली, तर आधी पिल्ले जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. मागे राहतील ती थकलेली, अंध, अपघातात पाय गमावलेली, रोज औषध लागणारी जनावरे. त्यांना घर मिळणे हे लोकांच्या दयाबुद्धीवर अवलंबून आहे, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. यादी कशी मांडली आहे, यावरही त्यांचे भवितव्य ठरते.

याचा सर्वाधिक अनुभव अमेरिकेच्या गाठीशी आहे. न्यू जर्सीतील एका दाम्पत्याने १९९६ मध्ये ‘पेटफाइंडर’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि निवाऱ्यांतील प्राणी घरबसल्या पाहण्याची सोय झाली. सोय मोठी होती. पण अशा संकेतस्थळांचा साचा दुकानाच्या मांडणीसारखा राहिला. जात निवडा, वय निवडा, आकार निवडा. वयाच्या रकान्यात ‘पिल्लू’ या शब्दावर बोट ठेवले, की म्हातारा प्राणी नाकारला जात नाही. तो दिसतच नाही. नवे आलेले वर, जुने खाली असा क्रम असेल, तर सर्वांत जास्त दिवस वाट पाहणारा शेवटच्या पानावर जातो. ‘एएसपीसीए’ या प्राणिरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये अमेरिकेतील निवाऱ्यांत सुमारे ५८ लाख कुत्री-मांजरे आली. सुमारे ४२ लाखांना घर मिळाले आणि सहा लाखांहून अधिक प्राण्यांना मरण देण्यात आले. तेथे मागे पडण्याचा अर्थ अनेकदा इतका कठोर असतो.

मांडणी बदलली की निकाल बदलतो, याला आधार आहे. पेटफाइंडरवरील छायाचित्रांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या व चांगले छायाचित्र लाभलेल्या कुत्र्यांना लवकर घर मिळाल्याचे दिसले. फ्लोरिडातील ऑरेंज काउंटीच्या निवाऱ्याने २०१४ मध्ये पिंजऱ्यांवरील व संकेतस्थळावरील जातीचा उल्लेखच काढून टाकला. त्यानंतर पिटबुलसारखी दिसणारी कुत्री दत्तक जाण्याचे प्रमाण वाढले आणि त्यांचा निवाऱ्यातील मुक्काम घटला, असे २०१६ च्या संशोधनात नमूद आहे. कुत्री तीच होती. बदलली होती ती पाटी.

मग वृद्ध व विशेष काळजी लागणाऱ्या प्राण्यांच्या संकेतस्थळाची नवी मांडणी कशी असावी? पहिला मोह करुणेचा होतो. पिंजऱ्यातले उदास डोळे, खाली ‘याला कोणीच नाही’ अशी ओळ. त्याने डोळे पाणावतात, अर्ज येत नाहीत. आणि आलेच, तर दयेच्या भरात घरी नेलेले जनावर महिन्याभरात परत येण्याचा धोका असतो. घरी नेऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या मनातील शंका साध्या असतात. औषधाला महिन्याला किती खर्च येईल? दिवसभर घरात कोणी नसेल तर चालेल का? जिने चढेल का? लहान मुलांबरोबर राहील का? मधुमेही जनावराला बहुधा दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचावे लागते. हे लपवले तर फसवणूक होते आणि नुसते ‘आजारी’ लिहिले तर घबराट. ‘सकाळी व रात्री जेवणाबरोबर एक टोचणी, शिकवू’ असे लिहिले, की तेच काम आवाक्यातले वाटू लागते.

वयाचेही तसेच. आयुर्मानाचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे वार्धक्य, असे पशुवैद्यकात मानतात. मोठ्या चणीचे कुत्रे सातव्या-आठव्या वर्षीच वृद्ध गणले जाते, छोट्या चणीचे बरेच उशिरा. नुसता आकडा लिहिण्यापेक्षा ते किती चालते, किती झोपते, हे सांगणे अधिक उपयोगाचे.

पण केवळ पान सुधारून भागणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘मटव्हिल’ ही २००७ मध्ये सुरू झालेली संस्था सात वर्षांवरील कुत्र्यांसाठीच काम करते. ज्येष्ठ नागरिक व ज्येष्ठ कुत्री यांची सांगड घालण्याची योजना तिने राबवली. मरणासन्न कुत्र्यांना अखेरचे दिवस घरात काढता यावेत म्हणून उपचाराचा खर्च स्वतः उचलला. संकेतस्थळावरचे शब्द खरे ठरवायला त्यामागे अशी व्यवस्था लागते.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपाशी मरायला टाकून देण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंड ठरवला. २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा निघाला, पण त्या रकमेतून दिसणारी वृत्ती मसुद्याने बदलत नाही. म्हातारे झालेले कुत्रे गाडीतून दूर नेऊन सोडणारी माणसे आपल्याच सोसायट्यांत राहतात. मुंबई, पुणे, नागपूरच्या महापालिकांनी दत्तक याद्या करताना सर्वांत जुना रहिवासी पहिल्या पानावर ठेवावा, औषधपाण्याचा खर्च स्पष्ट लिहावा आणि पालिकेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच्यावर मोफत उपचारांची हमी द्यावी. याला फार पैसा लागत नाही. यादी करणाऱ्याने शेवटच्या पानावर कोण उरले, हे रोज एकदा पाहायला हवे.