विश्लेषण : तेल महागले की इराकमधील सुधारणा का थांबतात?

सरकारी नोकरांचे पगार देण्यासाठी कर्ज काढण्याची वेळ २०२० मध्ये इराकवर आली. त्याच सुमारास सरकारने प्रशासकीय आणि आर्थिक सुधारणांचा आराखडा मांडला. तीन वर्षे उलटण्याआधीच देशाने लाखो नव्या सरकारी नोकऱ्यांना मंजुरी दिली. असे का झाले?

२०२० मध्ये काय घडले?

इराकच्या सरकारी महसुलातील सुमारे ९० टक्के वाटा तेलाचा. करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये ब्रेंट तेलाचा दर पिंपामागे २० डॉलरच्याही खाली घसरला. तिजोरी आटली, पगार रखडले. नोव्हेंबरमध्ये संसदेने १२ लाख कोटी दिनारच्या कर्जाला परवानगी दिली. डिसेंबरमध्ये दिनारचे अवमूल्यन झाले. डॉलरचा दर सुमारे १२०० वरून १४५० दिनारवर गेला. पगाराचा आकडा तोच राहिला, पण आयात अन्न आणि औषधे महागली.

सरकारी नोकरीला एवढे महत्त्व का?

तेल उद्योग पैसा आणतो, रोजगार मात्र थोडाच देतो. खासगी क्षेत्र दुबळे आहे. त्यामुळे तेलाचा पैसा सामान्य घरात पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सरकारी पगार. त्यात २००३ नंतर शिया, सुन्नी आणि कुर्द पक्षांमध्ये सत्तावाटपाची ‘मुहासासा’ पद्धत रुजली. मंत्रालय ज्या पक्षाकडे, तेथील भरतीत त्याच पक्षाची माणसे. म्हणजे नोकरकपात ही पक्षांसाठी स्वतःच्याच मतपेढीवर कुऱ्हाड.

याचे परिणाम किती गंभीर?

जून २०१४ मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले, तेव्हा कागदावर बलाढ्य असलेले लष्कर कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तत्कालीन पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितले की, पगार घेणारे पण प्रत्यक्षात हजर नसलेले ५० हजार ‘भुताटकी सैनिक’ आढळले आहेत.

आराखड्यात काय होते?

अर्थमंत्री अली अलावी यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०२० मध्ये श्वेतपत्रिका आली. पगारांवरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणणे, वीजबिलांची वसुली सुधारणे, सीमाशुल्काचा कारभार संगणकावर आणणे, अशी उद्दिष्टे होती.

मग अडले कुठे?

युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तेल १०० डॉलरपुढे गेले आणि निकड संपली. ऑगस्टमध्ये अलावी यांनी राजीनामा दिला. राजीनामापत्रात त्यांनी भ्रष्टाचारावर बोट ठेवले होते. दोनच महिन्यांत ‘शतकातील चोरी’ उघड झाली. कर विभागाकडील अनामत खात्यांतून पाच कंपन्यांनी २४७ धनादेशांद्वारे सुमारे अडीच अब्ज डॉलर काढले होते. जून २०२३ मध्ये पंतप्रधान महंमद शिया अल-सुदानी यांच्या सरकारने तीन वर्षांचा अर्थसंकल्प मंजूर करून घेतला. वर्षाला सुमारे १९९ लाख कोटी दिनारचा हा अर्थसंकल्प तोपर्यंतचा सर्वांत मोठा होता. लाखो नव्या नोकऱ्या त्यातल्याच.

पुढे काय?

पगार थेट बँक खात्यात देणे आणि बोटांच्या ठशांवरून ओळख पटवणे यामुळे बनावट नावे पकडता येतात. पण रीतसर नेमलेल्या, तरीही काम नसलेल्या माणसाचे काय, याचे उत्तर यंत्राकडे नाही. दुसरीकडे, २०१९ च्या आंदोलनात नोकरी मागणारे पदवीधर तरुण रस्त्यावर उतरले. त्यात पाचशेहून अधिक जणांचा बळी गेला आणि तत्कालीन पंतप्रधानांना पद सोडावे लागले. या तरुणांना सामावून घेईल असे खासगी क्षेत्र उभे राहत नाही, तोवर कोणतेही सरकार भरतीचे दार बंद करण्यास धजावणार नाही. ते क्षेत्र उभे करायचे तर हातात पैसा असतानाच सुरुवात हवी. इराकमध्ये मात्र सुधारणांची आठवण होते ती तिजोरी रिकामी झाल्यावर.