‘कमिशन नाहीं’, मग मालक जगतो कशावर?

बाजारहाट करणारी शहाणी गृहिणी तराजूंतील वजनांबरोबर त्याची दांडीहि पाहते. वजनें खरीं असलीं, तरी दांडी कोठें धरली आहे यावर माप ठरतें, हें तिला पक्कें ठाऊक असतें. हीच नजर एका परक्या खेळाकडे लावून पाहावी, असा या महिन्यास आमचा विचार आहे. तो खेळ म्हणजे ‘बाकारा’. सुटींत सहकुटुंब गोव्यास जाणारीं घरें आतां पुष्कळ आहेत. पणजीस मांडवी नदींतील कॅसिनोंच्या नौका मुलांच्या दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहींत, आणि तेथें काय चालतें हा प्रश्न वडील मंडळींस टाळतां येत नाहीं. ‘तें वाईट आहे’ एवढ्या उत्तरानें कॉलेजांत जाणाऱ्या मुलाचें समाधान होत नाहीं. त्याच्यापुढें हिशेबच मांडावा लागतो. आणि ज्या टेबलावर ‘कमिशन नाहीं’ अशी पाटी असते, तेथील हिशेब तर विशेष लक्षपूर्वक मांडला पाहिजे.

प्रथम खेळ समजून घेऊं. पत्त्यांचे बहुधा आठ जोड एकत्र पिसून पेटींत ठेवतात. एक्क्याचा १ गुण. २ पासून ९ पर्यंतच्या पानांस त्यांच्या आंकड्याइतके गुण. आणि दश्शी, गुलाम, राणी व राजा यांस शून्य. बेरीज दहा किंवा अधिक झाली, तर दहा सोडून द्यावयाचे; म्हणजे ७ आणि ८ मिळून १५ झाले तर ते ५ च समजावयाचे. नऊ हा सर्वांत मोठा आंकडा. बाजू दोन, एकीस ‘प्लेयर’ व दुसरीस ‘बँकर’ म्हणतात. हीं नुसतीं नांवें आहेत. बँकर म्हणजे कॅसिनोचा मालक असें समजूं नये. खेळणारानें कोणत्या बाजूवर पैसे लावावयाचे एवढेंच ठरवावयाचें असतें. पुढें त्याच्या बुद्धीस कांहींच काम उरत नाहीं.

दोन्ही बाजूंस दोन दोन पानें मिळतात. कोणाचेहि ८ किंवा ९ झाले, तर डाव तेथेंच संपतो. नाहीं तर प्लेयरनें ५ किंवा कमी असतां तिसरें पान घ्यावयाचें, व ६ किंवा ७ असतां थांबावयाचें. प्लेयर थांबला, तर बँकरलाहि हाच नियम लागू. परंतु प्लेयरनें तिसरें पान घेतलें असेल, तर बँकरची कृति त्या पानावर अवलंबून राहते. बँकरचे २ किंवा कमी असतां तो नेहमीं पान घेतो. ३ असतां प्लेयरचें तिसरें पान ८ नसेल तर घेतो. ४ असतां तें पान २ ते ७ पैकीं, ५ असतां ४ ते ७ पैकीं, आणि ६ असतां ६ किंवा ७ असेल तरच घेतो. ७ असतां थांबतो.

या शेवटच्या कलमांतच सर्व मर्म आहे. बँकरची बाजू दुसऱ्याचें पान पाहून मागाहून चालते, म्हणून ती किंचित् अधिक वेळां जिंकते. दहा हजार डावांचें सरासरी गणित केलें, तर सुमारे ४५८६ डाव बँकरकडे, ४४६२ प्लेयरकडे व ९५२ बरोबरींत जातात. बरोबरी झाल्यास दोन्ही बाजूंवर लावलेले पैसे परत मिळतात. आतां दर डावास शंभर रुपये याप्रमाणें कोणी नेहमीं बँकरवर लावीत गेला, आणि जिंकतांच त्यास पुरे शंभर मिळत गेले, तर दहा हजार डावांअंतीं त्याला १२,४०० रुपये नफा राहील. मग मालक जगावा कसा? म्हणून जुन्या पद्धतींत बँकरवर जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा ५ कमिशन कापून घेतात. आपल्याकडील जुगाराच्या अड्ड्यावर जिंकणाराकडून अड्डेवाला जो ‘नाल’ घेतो, त्याचेंच हें सभ्य रूप. हें कमिशन कापलें कीं नफ्याचा तोटा होतो: दहा लाख रुपये लावणारास सुमारें साडेदहा हजार रुपये गमवावे लागतात. प्लेयरवर कमिशन नसतें. पण ती बाजूच कमी वेळां जिंकत असल्यामुळें तेथें तोटा १२,४०० रुपयांचा.

आतां ‘बिनकमिशनचा’ प्रकार पाहूं. त्याचे दोन मुख्य भेद आहेत. पहिल्यांत बँकर जिंकल्यास एकास एक पैसे मिळतात, पण बँकर बरोबर ६ गुणांनीं जिंकला तर निम्मेच, शंभरावर पन्नास. असें दहा हजारांत सुमारें ५३९ वेळां घडतें. उरलेल्या ४०४७ डावांचे पुरे शंभर आणि या ५३९ डावांचे पन्नास मिळून जमा होतात ४,३१,६५० रुपये. प्लेयरच्या ४४६२ डावांत गेले ४,४६,२०० रुपये. तोटा सुमारें साडेचौदा हजारांचा! कमिशन कापणाऱ्या टेबलावर तो साडेदहा हजार होता. ‘बँकरवरच लावावें, तें सर्वांत स्वस्त’ असें या खेळांतील जाणते सांगत आले. तो सल्ला या टेबलावर उलटा होतो, कारण येथें प्लेयरचा १२,४०० चा तोटाच त्यांतल्या त्यांत कमी ठरतो.

दुसऱ्या भेदांत बँकर तीन पानांच्या ७ गुणांनीं जिंकला, तर लावलेले पैसे नुसते परत देतात. जिंकल्याबद्दल कांहींच मिळत नाहीं. हें दहा हजारांत सुमारें २२५ वेळां घडतें, आणि तोटा दहा हजारांच्या किंचित् वर राहतो; म्हणजे जुन्या कमिशनपेक्षां थोडा कमीच. पाटी एकच, पण एके ठिकाणीं माल महाग व दुसऱ्या ठिकाणीं किंचित् स्वस्त! यावरून पाटी वाचून कांहींच कळत नाहीं, खालचें बारीक कलम वाचल्यावरच कळतें, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत येईल.

या टेबलांवर आणखी एक आमिष मांडलेलें असतें. ज्या ६ गुणांवर तुमचे निम्मे पैसे कापले जातात, त्याच ६ गुणांवर निराळे पैसे लावा, बँकर ६ नें जिंकला तर पुष्कळ ठिकाणीं एकास बारा देतात. ऐकण्यास मोठें गोड वाटतें. पण ५३९ वेळां बारा बारा मिळून ६४६८ होतात, आणि उरलेल्या ९४६१ वेळां एक एक जातो. म्हणजे शंभरांतील जवळजवळ तीस रुपये मालकाचे! तीन पानांच्या ७ वर एकास चाळीस देतात, तेथें शेंकडा साडेसातांहून अधिक जातात. बरोबरीवर एकास आठ देतात, तेथें शेंकडा चौदांहून अधिक. मोठ्या बक्षिसाची किंमतहि मोठीच असते.

कमिशन काढून टाकण्यांत मालकाची आणखी एक सोय आहे. दर डावास पांच टक्क्यांचा हिशेब करावयाचा, चिल्लर मोजावयाची, यांत वेळ जातो. ती खटपट गेली कीं डाव भराभर होतात. समजा, एका तासांत साठ डाव होत होते ते पंचाहत्तर झाले, आणि दर डावास हजार रुपये लागले. पूर्वीं साठ हजारांवर सुमारें ६३५ रुपये जात. आतां निम्मे देणाऱ्या टेबलावर पंचाहत्तर हजारांवर १,०९० च्या वर जातात. खेळणारा म्हणतो, ‘मीं खिशांत पांचच हजार नेले होते.’ परंतु तोटा खिशांतील रकमेवर चढत नाहीं, टेबलावर फिरलेल्या एकंदर रकमेवर चढतो. आणि तेच पांच हजार तासाभरांत अनेकदां फिरतात.

येथें कपट मुळींच नाहीं, हें आम्ही मुद्दाम सांगतों. सभापर्वांतील द्यूतांत शकुनीच्या कपटास दोष देतां येतो. या टेबलावर पानें खरीं, वांटणारा प्रामाणिक, नियम सर्वांपुढें छापलेले. तरीहि हरणें अटळ, कारण तें नियमांतच विणलेलें असतें. म्हणून ‘फसविलें जाईल’ अशी भीति मुलांस घालूं नये. न फसवितांहि कसें घेतलें जातें, हें त्यांस दाखवावें.

या धंद्याचा व्याप लहान नाहीं. गोव्याप्रमाणेंच पोर्तुगीजांच्या अमलाखालीं असलेल्या मकावमध्यें १८४७ सालीं जुगार कायदेशीर झाला. २० डिसेंबर १९९९ रोजीं तें चीनकडे गेलें तरी तेथील कॅसिनोंच्या उत्पन्नाचा मोठा भाग याच एका खेळाचा आहे. गोव्यांत १९७६ चा जुगाराचा कायदा १९९२ सालीं दुरुस्त होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांस वाट मिळाली, व १९९६ सालीं नौकांवरील खेळास. महाराष्ट्रांतहि १९७६ सालीं कॅसिनोंचा एक कायदा संमत झाला होता. तो कधींच अमलांत आला नाहीं आणि २०२३ सालीं रद्द करण्यांत आला.

पण ज्यांस पणजीस जावयाचेंच नाहीं, त्यांनींहि हें प्रकरण परकें मानूं नये. ‘बिनव्याजी हप्ते’ या पाटीखालीं घरोघर वस्तु येतात. २०१३ सालीं रिझर्व्ह बँकेनें शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वांत नसते, असें बँकांस बजाविलें होतें. व्याज नांवापुरतें गेलें, तर तें किंमतींत, न मिळालेल्या सवलतींत किंवा खर्चाच्या दुसऱ्या एखाद्या नांवांत शोधावें.

मुलांस हा हिशेब पटवावयाचा असेल, तर दोन जोड पत्ते व मूठभर चिंचोके पुरेत. दर डावास बँकरवर एक चिंचोका लावून शंभर डाव खेळावे. शेवटीं चिंचोके वाढले कीं घटले, याकडे मात्र फारसें लक्ष देऊं नये. शंभर डावांत दैव हिशेबाहून पुष्कळ मोठें असतें, आणि त्या एका संध्याकाळच्या जिंकण्यानेंच माणूस पुन्हां तेथें जातो. त्याऐवजीं वहींत दोन रकाने पाडावे. एकांत बँकरच्या प्रत्येक जिंकीचे पांच टक्के मांडावे, दुसऱ्यांत ६ गुणांच्या प्रत्येक जिंकीचा अर्धा चिंचोका. सरासरीनें पहिल्या रकान्यांत सव्वादोनांच्या आसपास चिंचोके जमतील, दुसऱ्यांत पावणेतीनांच्या. एका बैठकींत आंकडे थोडे मागेंपुढें होतील. असे चार-सहा संध्याकाळचे रकाने एकत्र करून मुलांनींच बेरीज करावी, आणि ‘कमिशन नाहीं’ या पाटीचा अर्थ त्यांनींच वडिलांस समजावून द्यावा.