ओहमच्या नियमातील विसरलेली अट

पुढील गणित तुम्ही एकदा तरी सोडवले असेलच. ‘२३० व्होल्ट, १०० वॅट असे छापलेल्या विजेच्या दिव्याचा रोध किती? हाच दिवा ११५ व्होल्टवर लावल्यास तो किती शक्ती वापरील?’ तुम्ही शक्तीला विभवांतराने भागता, विद्युतधारा ०.४३५ अँपिअर येते. विभवांतराला धारेने भागले की रोध ५२९ ओहम. मग ११५ चा वर्ग भागिले ५२९, म्हणजे २५ वॅट. उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळते आणि तुम्ही पुढच्या गणिताकडे वळता.

माझे म्हणणे असे, की यातील पहिले उत्तर बरोबर आहे आणि दुसरे चूक!

आता घरोघरी एलईडी दिवे आले असले, तरी गणिताच्या पुस्तकांतला तारेचा दिवा काही अजून विझलेला नाही. असा एखादा जुना दिवा मिळाला तर तो होल्डरमधून काढलेला व थंड असताना मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. ५२९ हा आकडा कोठेच दिसणार नाही. दिसेल तो चाळीस ओहमच्या आसपासचा आकडा. मीटर बिघडलेला नाही. पेटलेल्या दिव्यातील टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. ५२९ ओहम हा त्या तापलेल्या तारेचा रोध आहे. ११५ व्होल्टवर तार कमी तापते, तिचा रोध ५२९ पेक्षा कमी राहतो आणि म्हणून दिवा २५ नव्हे, तर ३० हून अधिक वॅट शक्ती घेतो. हे जुने दिवे पुष्कळदा बटण दाबताक्षणीच का जात, तेही यावरून समजते. थंड तारेतून त्या पहिल्या क्षणी पाच-सहा अँपिअर धारा धावते!

मग ओहमचा नियम खोटा की काय? मुळीच नाही. नियम पुन्हा एकदा वाचा. ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ या शब्दांनी त्याची सुरुवात होते. व्याख्या लिहिताना ही अट आपण घोकून लिहितो आणि गणित सोडवताना विसरतो. जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब एकसारखा बदलत असे. म्हणून १८२६ साली त्याने तांबे आणि बिस्मथ यांचे जोड तयार केले. एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला आणि मगच आपली मोजमापे घेतली. परिस्थिती स्थिर ठेवण्यासाठी ज्याने एवढी खटपट केली, त्याच्या नियमातील अटच आपण गाळावी, हे बरे नव्हे.

हे मला उशिराच उमगले. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या प्रयोगाच्या तासाला रोधाची वेटोळी कमी पडली, म्हणून मी एका विद्यार्थिनीला विजेरीचा छोटा दिवा दिला. तिला १ व्होल्टला ०.१८ अँपिअर आणि २ व्होल्टला ०.२६ अँपिअर अशी वाचने मिळाली. आलेख वाकला. तिने इकडेतिकडे पाहिले, खोडरबर घेतले, बिंदू सरकवले आणि सुरेख सरळ रेषा काढून वही माझ्यापुढे ठेवली. मी सही केली! तिची पुसलेली वाचने पानावर अंधुक दिसत होती, ती माझ्या ध्यानात आली नंतर. खरी वाचने पुसायला तिला कोण शिकवले? आम्ही शिक्षकांनीच.

कोणी म्हणेल, ‘सर, सुरुवातीला सोपे करूनच शिकवावे लागते.’ मान्य आहे. पण मग उदाहरण तरी योग्य घ्यावे. इस्त्री किंवा शेगडी यांत निक्रोमची तार असते. ती तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. १००० वॅटची शेगडी २३० ऐवजी १८० व्होल्टवर लावली तर ती सुमारे ६१२ वॅट शक्ती घेते, हे गणित प्रत्यक्षाच्या जवळ जाते. दिव्याचेच गणित द्यायचे असेल, तर ‘रोध बदलत नाही असे माना’ एवढे पाच शब्द जोडायला काय हरकत आहे?

तुमच्यासाठी एवढेच लक्षात ठेवा. विभवांतर गुणिले धारा म्हणजे त्या क्षणाची शक्ती. विभवांतर भागिले धारा म्हणजे त्या क्षणाचा रोध. या दोन्ही गोष्टी दिव्यालाही लागू पडतात. विजेरीच्या त्या दिव्याचा रोध १ व्होल्टला ५.६ ओहम होता आणि २ व्होल्टला ७.७ ओहम. चूक होते ती एका क्षणाचा रोध दुसऱ्या क्षणी वापरताना.

विजेरीचा दिवा, दोन सेल, व्होल्टमीटर व अँमीटर घेऊन हा प्रयोग तुम्हीही करा. घरातील विजेच्या जोडणीला मात्र हात लावू नका. आलेख वाकडा आला तर तो तसाच वहीत ठेवा आणि तो का वाकला, हे त्याखाली दोन ओळींत लिहा. आणि शिक्षक मित्रहो, त्या दोन ओळींना पूर्ण गुण द्या.