जीव वाचला, मग छातीचं काय?

देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातलं, पैनगंगेच्या काठावरचं, हिंदू-मुस्लिम मिळून राहणाऱ्यांचं मोठं गाव. तिथे किंवा घाटावरच्या दुसऱ्या कुठल्याही गावात, स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईच्या घरी छाती पुन्हा घडवण्याचा विषय काढला की उत्तर तयार असतं. "जीव वाचला ना, मंग बस झालं. आता या वयात कायले पाह्यजे ते?" हे उत्तर बहुधा ती बाई देत नाही. नवरा देतो, सासू देते, दीर देतो, आणि पुष्कळदा डॉक्टरही देतात. तिला कुणी विचारलेलंच नसतं. वरून लुगडं असो की बुरखा, आत एका बाजूला तिने जुन्या सुती साडीची घडी शिवून बसवलेली असते. ती वाकली की घडी वर सरकते. भाकरी थापताना, पाणी भरताना तिचा हात सारखा पदराकडे जातो. तिला आता काही नको, असं म्हणणाऱ्यांनी तो हात कधी पाहिलेला नाही.

मला इथे एका विशिष्ट शस्त्रक्रियेची बाजू घ्यायची आहे. छातीत बसवलेलं सिलिकॉनचं इम्प्लांट काढावं लागलं, तर त्याच बाईच्या पोटावरची किंवा मांडीवरची चरबी काढून ती छातीत भरण्याची ही शस्त्रक्रिया. तिला नावं ठेवणाऱ्यांशी मला जेवढं भांडायचं आहे, तेवढंच तिचा बाजार मांडणाऱ्यांशीही भांडायचं आहे.

पहिला आक्षेप असा की हा नट्यांचा आणि श्रीमंतांचा विषय आहे, बुलढाण्यासारख्या जिल्ह्याशी त्याचा संबंध काय? संबंध आहे. भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. कर्करोगासाठी स्तन काढल्यावर इम्प्लांट बसवणं ही जगभर रुळलेली पद्धत आहे. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं, त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. घाटावरची मुलगी पुण्याला नोकरीला असते, तिथेच तिचं ऑपरेशन होतं, इम्प्लांट बसतं, आणि पुढच्या तक्रारी घेऊन ती माहेरी येते. कारण इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. अमेरिकेचं औषध प्रशासनच सांगतं की ही आयुष्यभराची वस्तू नाही आणि जितकी वर्षं जातील तितकी ती काढावी लागण्याची शक्यता वाढते. शरीर इम्प्लांटभोवती एक आवरण तयार करतं. ते आवरण काही जणींत आवळत जातं, छाती दगडासारखी घट्ट होते, दुखते. ज्यांना रेडिएशन, म्हणजे गावाकडच्या बोलीत ‘शेक’, दिलेला असतो, त्यांच्यात हे जास्त होतं. कधी संसर्ग होतो, कधी इम्प्लांट फुटतं. मग ते काढतात. मागे उरते ताणून पातळ झालेली कातडी आणि आतली पोकळी. बाईला एकदा स्तन गमावल्याचं दुःख झालेलं असतं, ते आता दुसऱ्यांदा होतं. अशा बाईला ‘हा नट्यांचा विषय आहे’ असं कुणी सांगावं?

दुसरा आक्षेप जास्त कडवट आहे. कर्करोग नसताना ज्यांनी हौसेने इम्प्लांट बसवलं त्यांनी आता भोगावं, असं तो सांगतो. हे म्हणणाऱ्यांनी फ्रान्समधलं प्रकरण पाहावं. पोली इम्प्लांट प्रोथेस नावाच्या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकॉन भरलं. 2010 मध्ये हे उघडकीस आलं. तोवर जगभरात सुमारे तीन लाख बायकांच्या छातीत ती इम्प्लांट बसलेली होती. कंपनीच्या संस्थापकाला डिसेंबर 2013 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. या बायकांचा गुन्हा काय होता? डॉक्टरवर आणि सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवणं हाच असेल तर तो आपण सगळेच रोज करतो. फ्रेंच सरकारने ही इम्प्लांट काढून टाकायचा सल्ला दिला आणि काढण्याचा खर्च उचलला. नवं बसवण्याचा खर्च मात्र कर्करोगातून आलेल्या बायकांनाच दिला. या भेदावर वाद घालता येईल. पण हौसेने बसवलेल्या बाईलाही त्या सरकारने ऑपरेशन टेबलावर एकटं सोडलं नाही, एवढं खरं.

त्यानंतर 2019 मध्ये एका मोठ्या कंपनीची खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली, कारण लसिका पेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी त्यांचा संबंध दिसला. त्रास नसलेल्या बायकांनी ती काढून घ्यावीत असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तेव्हा सांगितलं नव्हतं, आणि घाबरलेल्या बायकांना हे आवर्जून सांगायला हवं. तरीही ज्यांना काढायचंच आहे त्यांच्यापुढे प्रश्न तोच येतो: काढल्यावर पुढे काय?

तिसरा आक्षेप पैशांचा. सरकारी दवाखान्यात खाटा नाहीत, औषधं नाहीत, तिथे छातीचा आकार सुधारायला पैसा कशाला? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण तो गरिबीतून येतो. फेब्रुवारी 2018 मध्ये चेन्नईच्या सरकारी स्टॅनली रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रिया मोफत द्यायला सुरुवात झाली, तेव्हाही असाच गदारोळ झाला. जीव वाचवणाऱ्या उपचारांना आधी पैसा द्या, असं टीकाकार म्हणाले. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की पैसेवाल्याला जे मिळतं ते गरिबाला का मिळू नये. शिवाय फार जड किंवा लहानमोठे स्तन असणाऱ्या बायकांना पाठीचा आणि खांद्याचा त्रास असतो. मी त्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. जळालेल्या चेहऱ्यावर कातडी लावतात, दुभंगलेला ओठ शिवतात, तेव्हा यावर पैसा का, असं कुणी विचारत नाही. कापलेली छाती आली की मात्र तिजोरी आठवते. असं होण्याचं कारण एवढंच की छाती बाईची आहे आणि ती झाकलेली असते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी बरंच खोटं बोललं जातं.

कल्पना जुनी आहे. जर्मनीतले सर्जन व्हिन्सेंझ चेर्नी यांनी 1895 मध्ये एका बाईच्या स्तनातली गाठ काढल्यावर तिच्याच कमरेवरची चरबीची गाठ तिथे बसवली होती. आजची पद्धत वेगळी आहे. आधी पोटात किंवा मांडीत मिठाचं पाणी सोडतात, त्यात बधिर करणारं आणि रक्त थोपवणारं औषध मिसळलेलं असतं. मग बारीक पोकळ नळीने चरबी हळूहळू ओढून घेतात. ती सिरिंजमध्ये उभी ठेवली किंवा यंत्रात फिरवली की तिचे तीन थर दिसतात. तळाशी लालसर पाणी आणि रक्त, सर्वांत वर फुटलेल्या पेशींचं पिवळं तेल, आणि मध्ये दाणेदार, लोण्याच्या रंगाची जिवंत चरबी. उपयोगाचा फक्त हा मधला थर. म्हणजे जेवढी चरबी काढली तेवढी भरली जात नाही. इम्प्लांट काढल्यावर उरलेल्या पोकळीतही ती ओतून चालत नाही, कारण तिथे तिला रक्त पोचवणारं काही नसतं. कातडीखालच्या थरात आणि स्नायूत, नळी मागे घेत घेत, धाग्याएवढ्या बारीक रेघांनी ती सोडत जावं लागतं. रोपं दाट कोंबली तर मुळांना ओल मिळत नाही, तसंच इथे आहे: एका जागी जास्त चरबी भरली तर मधली मरते, तिच्या तेलाच्या गाठी होतात, पुढे त्यात चुन्यासारखे कण साठतात.

नीट केलं तरी भरलेल्या चरबीतली साधारण निम्मी ते दोन तृतीयांश टिकते, बाकीची पहिल्या काही महिन्यांत शरीर शोषून घेतं. म्हणून दोन-तीन वेळा ऑपरेशन लागू शकतं, मध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवून. टिकलेली चरबी मात्र खऱ्या अर्थाने बाईची असते. ती मऊ लागते, वजन वाढलं तर वाढते, उतरलं तर उतरते. परकी वस्तू नसल्याने ती फुटणं, बदलणं हा प्रश्नच उरत नाही. शेक दिलेली कडक, काळवंडलेली कातडी अशी चरबी भरल्यावर सुधारते, हे इटलीतल्या वेरोना इथल्या सर्जनांनी 2007 मध्ये मांडलं, आणि मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी देणगी वाटते. शेक दिलेल्या जागी इम्प्लांट नीट बसत नाही. तिथेच चरबी उपयोगी पडते.

आता बाजार मांडणाऱ्यांकडे येतो. "एका बैठकीत पूर्वीइतका आकार, पोटही सपाट, धोका शून्य." हे तिन्ही दावे खोटे आहेत. मोठं इम्प्लांट काढलेल्या बाईला तेवढाच आकार एका वेळेत चरबीने मिळत नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या आमच्या भागातल्या कितीतरी बायांच्या अंगावर काढण्याजोगी चरबीच नसते. त्यांच्यासाठी पाठीचा किंवा पोटाचा स्नायू-कातडीचा भाग फिरवून छाती घडवण्याची वेगळी शस्त्रक्रिया आहे, आणि त्यांना ती सांगायला हवी. रक्त साकळणं, संसर्ग, पोटावर खळगे पडणं हे धोके असतातच. भिंतींवर आणि पेपरांत स्तन सुडौल करणाऱ्या तेलांच्या जाहिराती येतात, त्या तर उघड गुन्हा आहेत. 1954 च्या औषधे व जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात स्त्रीच्या छातीचा आकार आणि ठेवण हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यासाठी औषधाची जाहिरात करता येत नाही. डॉक्टरांनी जाहिरात करून गिऱ्हाईक ओढू नये, हा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियमही आहे. हा कायदा आणि हा नियम पाळला गेला असता तर निम्म्या बाया फसल्या नसत्या. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे बाईने विचारायलाच हवं. हा प्रश्न उद्धट नाही.

शेवटचा आक्षेप भीतीचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो: चरबी भरली तर कर्करोग परत येईल का? ही भीती अडाणी नाही. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनेच 1987 मध्ये स्तनात चरबी भरायला विरोध केला होता. मेलेल्या चरबीतले चुन्याचे कण मॅमोग्राफीत कर्करोगासारखे दिसतील आणि खरा कर्करोग लपेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे क्ष-किरण तज्ज्ञांना दोन्ही प्रकारचे कण वेगळे ओळखता येऊ लागले, आणि त्याच संघटनेने पुरावे तपासून 2009 मध्ये तो विरोध मागे घेतला. कर्करोग उलटण्याविषयी बोलायचं तर, ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरने 2016 मध्ये चरबी भरलेल्या आणि न भरलेल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. एकूण पाहता चरबी भरलेल्यांत कर्करोग जास्त उलटलेला नव्हता. मिलानमधल्या एका अभ्यासात मात्र आजूबाजूला न पसरलेल्या, सुरुवातीच्या कर्करोगाच्या छोट्या गटात वेगळं चित्र दिसलं होतं. माझ्या मते यातून निष्कर्ष एवढाच निघतो की कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय, आधी मॅमोग्राफी केल्याशिवाय आणि नंतर पाठपुरावा करायची तयारी असल्याशिवाय हे करू नये. भीतीपोटी दारच बंद करावं, असं मात्र हे पुरावे सांगत नाहीत.

आणि ज्या बाईला इम्प्लांट काढल्यावर काहीच भरायचं नाही, सपाट छातीने राहायचं आहे, तिचा निर्णयही तितकाच पूर्ण आहे. माझं भांडण तिच्याशी नाही. माझं भांडण आहे ते तिच्या वतीने तो निर्णय घेणाऱ्यांशी.

देऊळघाटच्या बाईला आज कर्करोगाच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जायला शंभराहून जास्त किलोमीटर कापावे लागतात, नाहीतर नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. बुलढाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे प्लास्टिक सर्जरीचा विभाग यायला वेळ लागेल, हे मला समजतं. पण स्तन काढायच्या आधी, इम्प्लांट काढायच्या आधी, बाईला एकटीला बसवून, नवऱ्याला क्षणभर बाहेर पाठवून, तिच्याच बोलीत "पुढे काय पाहिजे तुम्हाला, बाई?" एवढं विचारायला विभाग लागत नाही. तिथल्या शिक्षकांनी पहिल्या तुकडीपासूनच विद्यार्थ्यांना हे शिकवावं, अशी माझी विनंती आहे.

आणि वाचकांना एक सांगणं. घरात कुणाची आरोग्य विमा पॉलिसी असेल तर तिच्यातलं न मिळणाऱ्या खर्चांचं पान काढून वाचा. सौंदर्यासाठीच्या किंवा प्लास्टिक सर्जरीला पैसे मिळत नाहीत, असं तिथे असतं. पण विमा नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या त्याच कलमात पुढे अपवादही आहे: अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला ही बंदी लागू नाही. हौसेच्या इम्प्लांटला याचा आधार मिळणार नाही. कर्करोगानंतर बसवलेलं इम्प्लांट काढून चरबी भरणाऱ्या बाईने मात्र याच अपवादावर बोट ठेवावं. तिचा दावा ‘कॉस्मेटिक’ म्हणून फेटाळला गेला तर आधी कंपनीकडे लेखी हरकत घ्यावी, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे तक्रार करावी. त्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.