मासे सगळ्यात शेवटी



शाळांना सुट्टी लागली की घरोघरी एक हट्ट सुरू होतो, "आई, आपण मासे पाळू या ना!" बाजारात काचेची गोल बरणी, दोन सोनेरी मासे आणि खाद्याची पुडी असे सगळे झटपट मिळते. आठवडाभरात मासे मरतात, मूल रडते आणि बरणी माळ्यावर जाते. आमच्याही घरी हेच झाले. त्यानंतर जे झाले ते मात्र याहून वाईट होते. आज ते मोकळेपणाने सांगते, कारण त्यातून आम्ही जे शिकलो ते तुमच्या उपयोगी पडेल.

चिरंजीव तेव्हा आठवीत होते. बरणीतले मासे मेल्यावर बापलेकांनी मोठी काचेची पेटी आणली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. ठेवायला घरातले जुने टेबल घेतले. पाणी गाळण्यासाठी टेबलाखाली वीस लिटरची बादली. पेटीतून एक नळी बादलीत उतरवली आणि बादलीतल्या पंपाची नळी पुन्हा वर नेली. पाणी खळखळ वाहू लागले, आम्ही सगळे खूश! आबा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत तीस वर्षे फिटर होते. ते खुर्चीत बसून बघत होते. एवढेच म्हणाले, "वीज गेली तर पाणी कुठे जाईल?" कोणी लक्ष दिले नाही.

चौथ्या रात्री वीज गेली. पंप थांबला, पण खाली उतरणारी नळी थांबली नाही. पाण्याने भरलेली नळी उंचावरचे पाणी खाली ओढतच राहते, तिला विजेची गरज नसते. बादली भरली आणि वाहू लागली. पहाटे दार वाजले. खालच्या मजल्यावरच्या मावशी हातात भिजलेली वही घेऊन उभ्या होत्या. त्यांचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. छतातून गळलेले पाणी नेमके त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर पडले होते. दोन वर्षे हाताने काढलेल्या नोट्स, शाई पसरून पाने निळी झालेली.

मावशी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. तेच जास्त लागले. पुढचे पंधरा दिवस चिरंजीव शाळेतून आले की खाली जाऊन बसत. तो दादा जे आठवेल ते सांगे, हा लिहून घेई. बरेच परत मिळाले, सगळे नाही. इकडे आबांनी पेटी रिकामी करून कोरडी पुसली आणि नातवाला म्हणाले, "आता पहिल्यापासून. आणि मासे सगळ्यात शेवटी."

आधी वजनाचा हिशेब

पाणी दिसते हलके, पण एक लिटर म्हणजे एक किलो. आबांनी नातवाच्या हाती पट्टी आणि कागद दिला. आमच्या पेटीत काठोकाठ १०६ लिटर पाणी मावते. वर दोन इंच मोकळे सोडले तर ९२ लिटर. सहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन सुमारे १८ किलो. तळाला वाळू-खडे १२ किलो. झाकण, दिवा, गाळणी मिळून ८ किलो. म्हणजे १३० किलो. त्यात लोखंडी स्टँडचे वीसेक किलो धरले की दीडशे. पन्नास किलोची तीन पोती एक फूट रुंदीच्या फळीवर रात्रंदिवस उभी करण्यासारखेच हे आहे. जुने टेबल, टीव्हीचे कपाट, चपलांचे रॅक यांवर ती ठेवायची का, हे तुम्हीच ठरवा. चुकाखिळ्यांचे सांधे काही महिने दम धरतात. मग ओलाव्याने फुगतात आणि एके दिवशी सुटतात.

जमिनीचाही विचार करावा. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात. पेटीच्या जागेपुरता हिशेब केला तर भार त्याच्या अडीचपट भरतो. घाबरू नका. स्लॅबमध्ये तो आजूबाजूला वाटला जातो. सुस्थितीतल्या सिमेंटच्या इमारतीत भिंतीला लागून एवढी पेटी चालते, खोलीच्या मधोमध किंवा गॅलरीत ठेवू नये. जुन्या चाळीत लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर मात्र जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय मोठी पेटी आणू नका. तिथे दीड फुटाची छोटी पेटी बरी.

स्टँड असा केला

पेटी दुकानातूनच तयार घ्यावी, स्टँड मात्र घरी करता येतो. आबांनी ३५ मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल आणला. साधारण २७ फूट लागला. वरची चौकट, खालची चौकट, चार पाय आणि वरच्या चौकटीत दोन आडव्या पट्ट्या. नातवाने मापे घेऊन खुणा केल्या, दोघांनी मिळून कापले, वेल्डिंग तेवढे कोपऱ्यावरच्या कारागिराकडून करून घेतले.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. वजन लोखंडावरून सरळ जमिनीत उतरावे, स्क्रूवर लटकू नये. दुसरी, मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी हवीच. ती नसेल तर स्टँड आडवा डुलतो. तिसरी, चौकट काटकोनात आहे की नाही हे कर्ण मोजून पाहावे. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट बरोबर. चिरंजीवांनी हे भूमितीच्या पुस्तकात वाचले होते, पण त्याचा उपयोग पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला.

मग रेड ऑक्साइडचा हात आणि वर दोन हात ऑइलपेंट. चौकटीवर १९ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर अर्ध्या इंचाचा थर्माकोल आणि त्यावर पेटी. थर्माकोलमुळे खालचा बारीक उंचसखलपणा भरून निघतो. नाहीतर वाळूच्या एखाद्या खड्यावरही तळाची काच तडकते. पातळी गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने पाहावी. जमीन उतरती असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली मारावी, काचेखाली कधीच नाही. फरशी फुटू नये म्हणून प्रत्येक पायाखाली लोखंडी पट्टी ठेवावी. स्टँड अरुंद असतो आणि लहान मुले धरून उभी राहतात. म्हणून तो दोन क्लॅम्पने भिंतीला बांधून टाकावा.

पाण्याचा रस्ता

नव्या मांडणीत आबांनी बादली काढूनच टाकली. गाळणी पेटीच्या वर ठेवली, म्हणजे पाणी पेटीच्या हद्दीबाहेर जातच नाही. पेटीवर आडवी बसेल अशी प्लास्टिकची लांबट ट्रे घेतली. पेटीतला छोटा पंप पाणी वर ट्रेच्या एका टोकाला सोडतो. ते जाड स्पंज, बारीक स्पंज आणि धुतलेल्या खड्यांच्या जाळीतून जाते आणि दुसऱ्या टोकाच्या भोकातून पेटीत पडते.

ट्रेच्या तळाला पाऊण इंची भोक पाडून टँक निपल बसवले. आतून-बाहेरून रबरी वॉशर, वर चेकनट. खाली पीव्हीसी पाइपचा तुकडा पाण्याच्या पातळीपर्यंत नेला, म्हणजे पाणी पडल्याचा आवाज कमी येतो. हे झाले तरी काम अर्धेच. स्पंज तुंबला किंवा भोकात एखादे पान अडकले तर? ट्रे भरून पाणी बाहेर सांडेल. म्हणून काठाच्या एक इंच खाली दुसरे निपल बसवले. ते रोज कोरडे असते. ज्या दिवशी त्यातून पाणी येताना दिसेल, त्या दिवशी गाळणी धुवायची वेळ झाली असे समजावे.

पंपाच्या नळीचे तोंड ट्रेमधल्या पाण्याच्या वर ठेवावे, पाण्यात बुडवू नये. म्हणजे पंप बंद पडला की नळी हवा ओढते, पाणी उलटे ओढत नाही. ट्रेमधले दोन-तीन लिटर पाणी वीज गेल्यावर पेटीत उतरते. वर दोन इंच सोडलेल्या जागेत १४ लिटर मावतात. ती जागा याचसाठी.

पंप तासाला पेटीच्या चार-पाचपट पाणी फिरवील असा घ्यावा. आमच्या पेटीला सुमारे ४०० लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, वर चढवताना पाणी कमी येते, म्हणून ६०० चा घेतला. तांब्या-पितळेचे आणि जस्ताच्या मुलाम्याचे फिटिंग पाण्यात कुठेही वापरू नये. त्यांचा अंश पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. सांधे चिकटवलेत तर सोल्यूशन पूर्ण दिवस वाळू द्यावे आणि पाइप धुऊन घ्यावेत.

सगळे जोडून झाल्यावर आठवडाभर नुसते पाणी फिरवले. मग आबांनी नातवाला खाली पाठवले. "मावशी, आज रात्री आम्ही मुद्दाम मेन स्विच बंद करणार आहोत. तुम्ही छताकडे लक्ष ठेवा." मावशी स्वतःच वर आल्या. स्विच तीनदा बंद केला, तीनदा चालू केला. ट्रे रिकामी झाली, पेटीतले पाणी बोटभरही वाढले नाही, खाली थेंब पडला नाही. मावशी हसून म्हणाल्या, "आता मला झोप येईल."

वीज आणि पाणी

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवून घ्या. अर्थिंग तपासून घ्या. प्लग पेटीपेक्षा उंच असावा. जमत नसेल तर वायरला प्लगच्या खाली झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोलातून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप आणि दिवा दोन्ही बंद. हा नियम मोठ्यांनी पाळला तरच मुले पाळतात.

पाणी 'पिकू' द्या

बरणीतले मासे का मेले, हे आम्हाला आता कळले. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. नव्या पाण्यात तो साचतो आणि मासा आपल्याच घाणीच्या विषाने मरतो. स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू सूक्ष्म जीवाणू वाढतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात त्याचे नायट्रेट करते, ते बरेच सौम्य असते. हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पंप चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे, ते कुजून जीवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा आणून ट्रेमध्ये ठेवावा, काम लवकर होते. तपासण्याच्या पट्ट्या दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की पाणी तयार.

स्पंज नळाखाली धुऊ नये, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे जीवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. नळाचे पाणी पेटीत घालण्यापूर्वी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे औषध टाकावे.

आणि आता मासे

पहिल्यांदा चार छोटे गप्पी किंवा मोली आणावेत. जड पाण्यातही ते तगतात. दोन आठवडे नीट गेले तर आणखी थोडे. सोनेरी मासा बरणीत शोभतो, पण तो वीतभर वाढतो आणि घाण फार करतो. सुरुवातीला तो नको. काच साफ करतो म्हणून दुकानदार सकरफिश देतात, तोही एक-दीड फूट वाढतो. मग लोक त्याला तळ्यात सोडून येतात आणि पुण्य केले असे समजतात. तसे कधी करू नका. हा परदेशी मासा आपल्या देशातल्या अनेक तळ्यांत आणि नद्यांत पसरून तिथल्या माशांच्या आणि मासेमारांच्या मुळावर आला आहे. नको असेल तर दुकानदाराला परत द्यावा.

खाद्य दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. मासे उपाशी राहून क्वचित मरतात, जास्त खाद्याने नेहमी मरतात. दर आठवड्याला वीस-पंचवीस लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालावे. ज्या नळीने आमचे घर बुडवले, त्याच युक्तीने आता चिरंजीव पाणी काढतात, फक्त बादलीशेजारी बसून! नळी तोंडाने ओढू नये, पाण्यात बुडवून भरून घ्यावी. हे पाणी फेकू नका. आमच्या कढीपत्त्याला आणि गुलाबाला त्याचाच आधार आहे. मराठवाड्यात, जिथे पाणी चार दिवसांनी येते, तिथल्या भगिनींनी पेटी लहान आणि मासे कमी ठेवावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी तापते, तेव्हा झाकण उघडून वर पंखा सोडावा.

वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर आबा गप्प गप्प असत. शिकलेल्या मुला-नातवंडांना आपले काय सांगावे, असे त्यांना वाटे. आता चिरंजीव काहीही जोडायला घेतले की आधी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन विचारतात, "आबा, हे बंद पडले तर काय होईल?" खालचा दादा कधी कधी वर येतो. पेटीसमोर दहा मिनिटे बसतो आणि पुन्हा अभ्यासाला जातो.

तुमच्याही घरात असे एखादे हातचे काम येणारे आजोबा, मामा किंवा काका असतील. पेटी आणण्यापूर्वी त्यांना विचारा. आणि मुलांना सांगा, मासे येणार आहेत, पण सगळ्यात शेवटी.

पुढच्या अंकी भेटूच.