व्हिएन्नाचे तिकीट, धायरीचा पास

धायरीतील नोकरदार कुटुंब पै-पै साठवून युरोपला जाते आणि व्हिएन्नात मनसोक्त हिंडते. चोवीस तासांचे तिकीट एकदा काढले, की भुयारी रेल्वे, ट्राम, बस सारे खुले; चुकीच्या ट्रामने भलतीकडे गेले तरी खिशाला चाट नाही. (परके शहर कळते ते बहुधा असे चुकल्यावरच.) मात्र ही सोय पाहुण्यांसाठी उभारलेली नव्हे. 2012 पासून 2025 अखेरपर्यंत तेथील रहिवाशाला वर्षाचा पास 365 युरोंत, म्हणजे दिवसाला एका युरोत, मिळत होता. पर्यटक त्याच गाडीत बसतो, इतकेच.

परतल्यावर हेच कुटुंब शनिवारवाड्यालाही दुचाकीने जाते. याला सवयीचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. पीएमपीचा दिवसाचा पास जून 2025 मध्ये 40 रुपयांवरून 70 रुपयांवर गेला, दोघांचे 140. सुमारे दहा किलोमीटरच्या या वाटेवर जाऊन-येऊन अर्धा लिटर पेट्रोल पुरते आणि मागे बसणाऱ्याला वेगळे भाडे पडत नाही. शिवाय थांब्यावर तिष्ठणे वाचते. मग सिंहगड रस्ता तुंबला तर नवल कसले? निदान रविवारी तरी दोघांचा पास एकाच्या दरात द्यावा आणि त्या दिवशी गाड्या कमी न करता वाढवाव्यात.