पासष्टीचे पत्र कोण पाठवणार?

अमेरिकेत वयाच्या पासष्टीला मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, हे तिथल्या प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. तो सगळ्यांना आपोआप मिळत नाही, हे मात्र पुष्कळांना फार उशिरा कळते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिकडे गेलेले मराठी डॉक्टर-इंजिनिअर बहुतेक निवृत्त झाले. त्यांच्यामागून गेलेली आयटीतली पिढी आता साठीत पोहोचली आहे. यातले अनेकजण पासष्टीनंतरही नोकरी करतात. कंपनीचा विमा चांगला असतो, म्हणून ते मेडिकेअरचा ‘पार्ट बी’, म्हणजे डॉक्टरांची फी आणि बाह्यरुग्ण उपचारांचा भाग, पुढे ढकलतात. त्यात गैर काही नाही, कायद्याने तशी मुभा आहे. पार्ट बीचा २०२५ चा मूळ हप्ता महिन्याला १८५ डॉलर होता, नवरा-बायकोचे मिळून ३७०. गरज नसताना एवढे पैसे कोण भरेल? खरी अडचण येते ती नोकरी सुटल्यावर, मेडिकेअरमध्ये नाव घालताना.

नोकरी किंवा नोकरीतून मिळणारा विमा, यांपैकी जे आधी संपेल तिथून आठ महिन्यांच्या आत पार्ट बीसाठी अर्ज करावा लागतो. मुदत चुकली की जानेवारी ते मार्च या सर्वसाधारण नोंदणीची वाट पाहायची आणि तोवर डॉक्टरांची बिले खिशातून भरायची. शिवाय विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर दहा टक्के दंड. हा दंड एकदाच भरून सुटका होत नाही. पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, तो दरमहा भरावा लागतो. तीन वर्षे उशीर झालेल्या माणसाला १८५ च्या हप्त्यावर साडेपंचावन्न डॉलर जास्त पडतात, आणि मूळ हप्ता वाढला की दंडही वाढतो.

माणसे फसतात ती ‘माझ्याकडे विमा आहे’ या भरवशावर. कायद्याला नुसता विमा पुरत नाही. तो चालू नोकरीवर आधारलेला लागतो; नोकरी स्वतःची असो वा जोडीदाराची. नोकरी सुटल्यावर ‘कोब्रा’ कायद्याखाली तोच विमा साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो. कार्ड तेच, डॉक्टर तेच, हप्ता मात्र बहुतेक सगळा आपला. एवढे पैसे भरणाऱ्याला आपण विम्याबाहेर आहोत असे का वाटावे? पण आठ महिन्यांची मुदत कोब्रासाठी थांबत नाही. निवृत्त कर्मचाऱ्यांना काही कंपन्या जो विमा देतात, त्याचेही तेच. ज्या कंपनीत वीसपेक्षा कमी लोक आहेत तिथला धोका आणखी वेगळा. तिथे पासष्टीनंतर पहिले बिल मेडिकेअरने द्यायचे असते. पार्ट बी घेतलेला नसेल, तर कंपनीचा विमा आपला छोटासा वाटा देऊन बाजूला होऊ शकतो, तेही माणूस रोज कामावर जात असताना.

ही गुंतागुंत मुळात नव्हती. १९६५ साली मेडिकेअर आले तेव्हा सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेची पूर्ण पेन्शनही पासष्टीलाच मिळे. पेन्शन घेणाऱ्याचे नाव मेडिकेअरमध्ये आपसूक येई. १९८३ च्या कायद्याने पूर्ण पेन्शनचे वय हळूहळू वाढवत नेले. १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते आता सदुसष्ट आहे. मेडिकेअरचे वय मात्र पासष्टच राहिले. आजही ज्याची पेन्शन पासष्टीआधी सुरू झाली आहे त्याला कार्ड घरपोच येते. जो नोकरी करत राहतो त्याने सगळे स्वतःच समजून घ्यायचे. दोन वयांतली ही फट सरकारने पाडली आणि तिचा दंड नागरिकाकडून वसूल होतो, हा उघड अन्याय आहे.

२०२० च्या अखेरीस झालेल्या एका दुरुस्तीने थोडा दिलासा दिला. पूर्वी जानेवारी ते मार्चमध्ये नोंदणी केली तरी विमा जुलैत सुरू होई; २०२३ पासून तो पुढच्याच महिन्यात सुरू होतो. पण प्रत्येकाला पासष्टीआधी पत्र पाठवून नियम सांगण्याचे बंधन त्या दुरुस्तीत आले नाही. सोशल सिक्युरिटीच्या पत्रकात मेडिकेअरचा मजकूर असतो खरा; पण ऑनलाइन खाते उघडलेल्यांना ते पत्रक टपालाने येत नाही. पासष्टी जवळ आली की खासगी विमा कंपन्यांच्या जाहिरातींनी टपालपेटी भरून जाते. सरकारकडे प्रत्येकाची जन्मतारीख आहे, पत्ता आहे, वर्षानुवर्षे पगारातून कापलेल्या मेडिकेअर कराची नोंद आहे. कर घेताना जो माणूस सापडतो, तो नियम कळवतानाही सापडला पाहिजे. आणि जोवर असे पत्र गेलेले नाही, तोवर दंड लावण्याचा नैतिक अधिकार सरकारला नाही.

पत्र येईपर्यंत आपली माणसे वाचवण्याचे काम मराठी मंडळांनी हाती घ्यावे. प्रत्येक राज्यात ‘शिप’ या सरकारी योजनेखाली मेडिकेअरचा सल्ला फुकट मिळतो. त्यांच्या सल्लागाराला वर्षातून एकदा मंडळात बोलावणे मुळीच अवघड नाही. निवृत्तीनंतर पुण्यात राहायला येणाऱ्यांनी तर आवर्जून विचारावे. मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही, म्हणून अनेकजण पार्ट बी घेत नाहीत, आणि पुढे नातवंडांजवळ परत गेल्यावर पुण्यातली ती वर्षे दंडात धरली जातात.

नोकरी सुटताना पार्ट बीच्या अर्जाला दोन कागद लागतात: सीएमएस-४०बी आपण भरायचा, सीएमएस-एल५६४ कंपनीने. दुसरा एचआरकडून नोकरीत असतानाच भरून घ्यावा आणि नोकरी सुटण्याच्या आदल्या महिन्यात दोन्ही सोशल सिक्युरिटीकडे द्यावेत, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. कंपनी बंद पडली किंवा विकली गेली असेल तर विम्याचा हप्ता कापल्याचे दाखवणाऱ्या पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ हा पगार-कराचा वार्षिक दाखला आणि तारखेसह विम्याचे कार्ड हा पुरावा चालतो. पासष्टीनंतरच्या प्रत्येक वर्षाचे हे कागद जपून ठेवावेत. आणि एचएसए या करमुक्त आरोग्य बचत खात्यात पैसे टाकणाऱ्यांनी ते मेडिकेअरसाठी अर्ज करण्याच्या सहा महिने आधी थांबवावेत. पासष्टीनंतर अर्ज केला की ‘पार्ट ए’, म्हणजे मेडिकेअरचा रुग्णालयातल्या उपचारांचा भाग, सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो आणि त्या काळात भरलेल्या रकमेवर कर बसतो.